तिसरी वडी

४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

खुशाली मागाहून. बाळासाठी पाठवलेल्या साबणाच्या तिन्ही वड्या कुणाच्याही अंगाला लावू नकोस! वजनकाट्याने दगा दिला, कॉस्टिक सोडा जास्त पडला. मंजिष्ठेचा रंग गुलाबीऐवजी जांभळट आला, ती सोडा जास्त झाल्याचीच खूण होती, तर मी वेडी खूश झाले. आज उरलेली वडी जिभेला टेकवली आणि झटकाच बसला. लावली असेल तर वाहत्या पाण्याने धुवा. तुमच्याकडचे फोन वादळापासून बंद, म्हणून दूधगाडीच्या ड्रायव्हरच्या हाती पत्र देते आहे. रागव, पण उत्तर धाड.

तुझी धाकटी

५ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

ड्रायव्हर दारात थांबलाय, घाईने खरडते. एक वडी मीच वापरते आहे. बाळाची म्हणून ठेवली होती, पण लव्हेंडरच्या वासाने मोह झाला. हात सोलवटलेत, मी दोष देत होते भांड्यांच्या पावडरीला. दुसरी कपाटात आहे. तिसरी सूनबाईने माहेरी नेली. बाळाला घेऊन गेली, त्याला आठवडा झाला. ती बाळाला रोज आंघोळ घालते गं. तिकडचेही फोन बंद, म्हणून मुलगा स्कूटरवरून निघालाय. वाटेतल्या पुलावर पाणी आहे म्हणतात. जिवाला जप.

ताई

७ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

परवाच्या पत्रानंतर काहीच कसं कळवलं नाहीस? साबणाची पातेली, तेलाच्या बाटल्या, सगळं अंगणात नेऊन ठेवलंय. शेजारी कुकरची शिट्टी झाली तरी बाळ किंचाळल्यासारखं वाटतं. वाईट असेल तरी लिही. तुझ्या मायेला मी पात्र उरले का, तेही सांग.

धाकटी

८ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

बाळ ठणठणीत आहे! मुलगा आज परतला; पुलावरचं पाणी ओसरेपर्यंत अडकला होता.

सूनबाईने बाळाला टबात बसवलं होतं, साबणही ओला केला होता. मग काय वाटलं कोण जाणे, आधी स्वतःच्या मनगटाला लावून पाहिला. मनगट लालभडक झालं. तिने वडी फेकून दिली आणि गप्प बसली. का, तर मावशींनी एवढ्या हौसेने पाठवलाय, त्यांना वाईट वाटेल! मुलाने हे सांगितलं तेव्हा मी आधी चिडले, मग बसून रडले. तिच्या भिडेपायी इथे माझे हात भाजत राहिले, आणि कपाटातली वडी मी शेजारच्या बाळंतिणीला द्यायला काढून ठेवली होती.

पातेली घरात घे. साबण कर, पण नवा काटा आण. माझे हात मात्र अजून इतके झोंबतात की आता नुसत्या पाण्याचीही धास्ती वाटते.

माया उणी झालेली नाही, होणारही नाही.

तुझी ताई