तेवीस मिनिटांची फाइल

शुक्रवार, ५ फेब्रुवारी १९९९. सकाळी ९.
आजपासून रोजनिशी. मराठीत. ऑफिसात देवनागरी वाचणारा मी एकटा, म्हणून. इथे तंजावरात आमच्या गल्लीतले लोकही मराठी बोलतात आणि धोब्याची यादी तमिळमध्ये लिहितात. आजोबांनी छडी मारून बाराखडी घोटवली होती, ती आज कामाला आली.

मोठा दिवस. मद्रासहून कम्प्युटरच्या नेटवर्कचे दोन नवे स्विच आले. एक खालच्या मजल्यावर, एक वरच्या. खालच्या मुली अमेरिकेतली जुनी कायद्याची पुस्तकं स्कॅन करतात, ती पानं केबलमधून वर येतात, वरच्या मुली टाइप करतात. २६ तारखेला अमेरिकन कंपनीचा माणूस काम बघायला येणार. पसंत पडलं तर तीन वर्षांची ऑर्डर. आणि मला 'मॅनेजर, सिस्टम्स', काचेची केबिन. सुब्रमण्यम सर, म्हणजे आमचे मालक, तसं बोलले नाहीत. पण चेहऱ्यावर होतं.

दुपारी पाऊण.
वरचा स्विच मी स्वतः बसवला. वेग शंभर, आणि फुल डुप्लेक्स, म्हणजे जाणं-येणं एकाच वेळी. दोन्ही सेटिंगं मी हाताने पक्की केली. 'ऑटो' मला मंजूर नाही. यंत्रांनी एकमेकांना विचारून ठरवायचं, तर इंजिनियर हवा कशाला? पासवर्ड टाकला. कोणाला सांगितला नाही.

खाली उतरलो तर साडेदहाला एक मिनिट कमी. शुक्रवारचा राहुकाळ साडेदहा ते बारा. राहुकाळात नव्या कामाला हात लावणारा तंजावरात अजून जन्मायचा आहे. थांबलो. बाराला सरांनी नारळ फोडला, गोड पोंगल वाटला, फोटो झाला. गोपू हळूच म्हणाला, भाऊजी, खालचा तसाच राहिला. म्हटलं, पोंगल खा. ऑटोवर आहे, वरच्याचं बघून शिकेल.

गोपू म्हणजे गोपालकृष्ण, माझ्या बायकोचा, विशालाक्षीचा, धाकटा भाऊ. इथली सगळी केबल त्याने ओढली. मीच त्याला इथे लावला. घरच्या माणसाचं भलं करावं.

संकल्प: स्विचचं मॅन्युअल वाचून काढणे. ३१४ पानं. रोज वीस.

सोमवार, ८ फेब्रुवारी.
पहिली फाइल. पन्नास एम.बी. खालून वर जायला सात-आठ सेकंद लागायला हवीत. तेवीस मिनिटं लागली.

पुन्हा करून बघितली. चोवीस.

पिंग मात्र फर्स्ट क्लास. म्हणजे एक बारीकशी हाक मारायची आणि ओ येते का बघायचं. एकही हाक वाया गेली नाही. सरांना बोलावून दाखवलं. सर बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, राघवेंद्र, हे छान आहे, पण मला फाइल हवी आहे.

स्विच ठीक. सेटिंग मी केलंय, म्हणजे तेही ठीक. मग उरलं काय?
मॅन्युअल: पान १ ते ३. प्रस्तावना फार लांब.

मंगळवार, ९ फेब्रुवारी.
उरली केबल.
लिहायला हात धजत नाही, पण रोजनिशीशी खोटं बोलू नये. केबल गोपूची. आपलेच दात, आपलेच ओठ.

त्याला बाजूला घेऊन विचारलं, टोकं नीट दाबलीस का? तो म्हणाला, दाबली, पण भाऊजी, खालचा स्विच एकदा बघता का? बघा! विषय केबलचा, बोट स्विचकडे. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

बुधवार, १० फेब्रुवारी.
शांभवी नावाची नवी पोरगी आहे, तिरुचीहून डिप्लोमा करून आलेली. घरचे मराठी, राजवाड्यामागे राहतात. मराठी समजते, उत्तर तमिळमध्ये देते. आज चार जणांत विचारलं, सार, दोन्ही बाजू ऑटो करून बघू या का? मी म्हटलं, अम्मा, मी या धंद्यात आलो तेव्हा तू पाटी-पेन्सिल घेऊन फिरत होतीस. सगळे हसले. ती हसली नाही.

मग वरच्या स्विचचा पासवर्ड मागितला. नुसता लॉग, म्हणजे यंत्राने ठेवलेली नोंद, बघायचाय म्हणे! पासवर्ड बदलून टाकला.

शनिवार, १३ फेब्रुवारी.
हिशेब सरळ आहे. गोपूने केबल बिघडवली, शांभवी ते वापरून माझी जागा घेणार. काल दोघं जिन्याखाली बोलत होते. मला बघून गप्प झाले. माझ्या अन्नावर वाढलेला मेव्हणा! (दोन वर्षं तो आमच्याकडे जेवायचा. कापी, म्हणजे कॉफी, धरून.) केसाने गळा कापला.

मॅन्युअल: पान ४. त्यात चित्रं आहेत.

रविवार, १४ फेब्रुवारी.
गोपूने आज सुट्टी असून ऑफिसात जाऊन अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस टोकं कापली आणि नव्याने दाबली. मी बोलावलं नव्हतं. संध्याकाळी दारात आला, बोटांना कापडाच्या पट्ट्या बांधलेल्या. म्हणाला, भाऊजी, आता केबलची शंका धरू नका, आणि उद्या सकाळी कोणी यायच्या आत खालचा स्विच तुम्ही एकट्याने बघा. एकट्याने, असं दोनदा म्हणाला.

मला एकट्याने तिथे का पाठवायचं? मी दुधखुळा नाही. गेलो नाही.
विशालाक्षीने त्याच्या बोटांना हळद लावली. माझं डोकं दोन दिवस दुखतंय, त्याला काही लावलं नाही.

सोमवार, १५ फेब्रुवारी.
बावीस मिनिटं. एका मिनिटाची सुधारणा माझ्या धाकामुळे.

मंगळवार, १६ फेब्रुवारी.
अपमान. शांभवीने खालच्या फाइली झिप डिस्कवर, म्हणजे जाड्या फ्लॉपीवर, घेतल्या, जिना चढली आणि वर उतरवून दिल्या. सगळं मिळून सहा मिनिटं. आता दिवसभर तेच चाललंय. वरच्या टायपिंगच्या मुली म्हणतात, सारांच्या स्विचपेक्षा शांभवीच्या चपला फास्ट. पापनाशमहून बसने येणारी धनलक्ष्मी तर म्हणाली, सार, फाइल पापनाशमला पाठवा, मी येताना घेऊन येते.

हसा. केबिनच्या काचेतून मीही बघणार आहे.
संकल्प: रागवायचं नाही. (सकाळी अकरापर्यंत पाळला.)

बुधवार, १७ फेब्रुवारी.
मन घट्ट करून सरांना रिपोर्ट दिला. दोन पानं, इंग्रजीत, टाइप केलेला. मजकूर असा: दोन्ही स्विच निर्दोष. कारण सदोष केबल व निष्काळजी काम. शिफारस: जी. गोपालकृष्ण यांना ताबडतोब कमी करावे. 'नातेसंबंध असूनही कर्तव्यबुद्धीने' हे वाक्य मी खास घातलं. ते मी स्वतःलाच दोनदा वाचून दाखवलं.

सरांनी दोनदा विचारलं, नक्की ना? तो तुझा मेव्हणा आहे. म्हटलं, सार, कर्तव्यापुढे मेव्हणा नाही.
चारला गोपूला बोलावलं. पाच मिनिटांत बाहेर आला. पक्कड, टेस्टर, पट्टी घेतली, माझ्या टेबलापाशी थांबला. मला वाटलं भांडेल. म्हणाला, येतो भाऊजी. मी कीबोर्ड पुसत होतो.

गुरुवार, १८ फेब्रुवारी.
विशालाक्षी सांबार वाढते, पण दुरून. घरचा भेदी लंका दाहे, आणि माझ्या घरात भेद्याची बहीण. तिला समजावलं की गोपूच्या भल्यासाठीच केलं, ठेच लागली की माणूस शहाणा होतो. ती म्हणाली, कोण?

शुक्रवार, १९ फेब्रुवारी.
तिरुचीच्या पार्टीने नवीन केबल टाकली. राहुकाळाच्या आधी सुरू, राहुकाळात बंद, नंतर पुन्हा सुरू. मी स्वतः घड्याळ घेऊन उभा होतो.

तीनला फाइल सोडली. तेवीस मिनिटं.
तिरुचीवालेही फितूर. गोपूने त्यांना गाठलं असणार, सगळे केबलवाले एकमेकांचे दोस्त असतात. पार्टीचा म्हातारा मिस्त्री म्हणाला, सार, जुनी केबल एकदम सरस होती, कोणी टाकली होती? मी म्हटलं, असाच एक जण.

सोमवार, २२ फेब्रुवारी.
चार दिवस राहिले. अमेरिकन माणसासमोर झिप डिस्क घेऊन पळायचं का, असं सर ओरडले. जन्मात ओरडले नव्हते. मी म्हटलं, व्होल्टेज. एक स्टॅबिलायझर मागवला.

मंगळवार, २३ फेब्रुवारी.
शांभवी सरांच्या खोलीत. दार बंद. पाऊण तास. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. रडून काम साधणाऱ्यांपैकी. सरांनी मला बोलावून इतकंच सांगितलं, उद्या सकाळी पासवर्ड तिला द्यायचा.
चौदा वर्षांच्या सर्व्हिसचं हे फळ.

बुधवार, २४ फेब्रुवारी.
नऊला दिला. कागदावर लिहून दिला, तोंडाने नाही.
नऊ वाजून चार मिनिटांनी सापडलं.

टिपून ठेवतो, नाहीतर पुढे कोणी वाकडंतिकडं सांगेल. वरचा स्विच हाताने फुलवर बांधलेला. असा बांधला की तो खालच्याशी ठरवाठरव करतच नाही. ऑटोवरच्या खालच्याला काही उत्तर मिळालं नाही, म्हणून त्याने आपलं हाफ धरलं. फुल म्हणजे थांबायचंच नाही, बोलत सुटायचं. हाफ म्हणजे दुसरा थांबला की बोलायचं. वरचा थांबत नव्हता, खालच्याला प्रत्येक वेळी टक्कर झाली असं वाटायचं, आणि तो पहिल्यापासून सुरुवात करायचा. पिंगची हाक लहान, म्हणून ती निसटायची. शांभवीने हे सरांना तमिळमध्ये समजावलं. मला पटलं. आमच्या घरी असंच आहे. विशालाक्षीला ऐकायची सवय नाही.

तिने खालचाही फुल केला. सात सेकंद. वरच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या.
सरांनी विचारलं, वरचा तेवढा बांधून खालचा मोकळा कोणी ठेवला? सगळे पंख्याकडे बघत होते. मीही बघितलं. मग म्हटलं, सार, त्या दिवशी राहुकाळ होता.

सर म्हणाले, राहुकाळ दीड तासाचा असतो, राघवेंद्र. एकोणीस दिवसांचा नसतो.

शुक्रवार, २६ फेब्रुवारी.
माणूस आला, सात सेकंद बघितली, खूश झाला. ऑर्डर मिळाली. सिस्टम्स शांभवीकडे. माझ्याकडे जनरेटर, पाणी, झेरॉक्स. केबिन होणार नाही, ती जागा सर्व्हरला हवी आहे.

जाताना सरांनी एक पाकीट दिलं. गोपूला परत बोलावल्याचं पत्र. पोस्टाने पाठवू शकलो असतो, म्हणाले, पण तू दे.
शांभवी जिन्यात भेटली. पहिल्यांदा मराठीत बोलली, मोडकंतोडकं. म्हणाली की हे सगळं गोपूअण्णाला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. ती सरांकडे निघाली होती, त्याने हात जोडून थांबवलं. भाऊजींचं प्रमोशन आहे, चार लोकांत त्यांची चूक दिसायला नको, मी त्यांच्याकडूनच नीट करून घेतो, असं म्हणाला. त्याला काढलं तेव्हाही तिला बोलू देईना. शेवटी तिलाच राहवेना.

मी म्हटलं, मला का नाही सांगितलं? ती म्हणाली, सार, तीनदा सांगितलं त्याने.

रविवार, २८ फेब्रुवारी.
काल दिवसभर पाकीट खिशात. शनिवार, राहुकाळ नऊ ते साडेदहा, नंतर यमगंड, तोही अशुभच, नंतर मला बरं नव्हतं.
आज सकाळी गेलो. एकटा. विशालाक्षीला विचारलं, येतेस का? म्हणाली, तुम्ही एकट्याने जा.

गोपू ओट्यावर बसून कोणाचा तरी मिक्सर दुरुस्त करत होता. तिरुवैयारूच्या एका केबल टीव्हीवाल्याकडे उद्यापासून जाणार आहे म्हणे. बोटांवरच्या पट्ट्या निघाल्या होत्या, पण दोन बोटं अजून काळी आहेत. माझ्या सासूबाईंनी, शेषम्मांनी, पाट मांडला. मी ठरवलेलं बोललोच नाही. ठरवलं होतं की केबलचाही थोडा दोष असू शकतो इथून सुरुवात करावी. पाकीट पुढे केलं आणि म्हटलं, चूक माझी होती. केबल चांगली होती. दगा मीच दिला, गोपू.

वाटलं होतं रडेल, पाया पडेल, निदान रागावेल.
त्याने पत्र शेवटपर्यंत वाचलं. घडी नीट घालून पाकिटात ठेवलं आणि पाकीट माझ्या हातात दिलं. नको सार, म्हणाला.

सार. घरात, आईसमोर. सात वर्षं मी त्याचा भाऊजी होतो.
मग कापी आली. त्याने मला पहिला टंबलर दिला, साखर बरोबर आहे का विचारलं, आणि मिक्सरकडे वळला. मी कापी प्यायलो. बरोबर होती.