कपाट सोडलं कोणी

दि. ४ मार्च

चि. घाऱ्यास,
अनेक आशीर्वाद. थोरली बहीण म्हणून आशीर्वाद लिहिले. मनात सध्या शिव्या आहेत.

तू पाठवलेली विजेची शिलाई मशीन पोचली. 'आता ताईला पाय मारायला नकोत' ही चिठ्ठीही वाचली. अरे शहाण्या, मशीन माझ्यासाठी घेतलीस की आईला दाखवायला? जुनी पायमशीन मी गुडघ्याच्या जोरावर चालवते आणि चाकाकडे बघून वेग धरते. या नव्या बयेचा वेग पायाच्या बोटांनी ठरवायचा, आणि माझ्या तळव्यांना तर बोटांपासून टाचेपर्यंत काही कळत नाही. पाय किती दाबला याचा पत्ता नाही, मशीन सुसाट सुटली, आणि मी वकीलबाईंच्या काळ्या कोटाची बाही खिशाला शिवून टाकली. दोन दिवस उसवत बसले होते.

तू विचारतोस, बधिर पाय दुखेल कसा. परवा टाचणी रुतली, ती संध्याकाळी मोजा रक्ताने चिकटला तेव्हा समजली. आणि त्याच पायावर कापडाची चिंधी उडून पडली तरी निखारा ठेवल्यासारखं होतं. पाठीतली नस दबली ती दबलीच. डॉक्टर म्हणाले, आता हे असंच राहणार.

पण माझा राग मशीनवर नाही. तुमच्या इमारतीखाली टेम्पोतून कपाट उतरवताना तुझं बोट चेंगरायला लागलं आणि तू हात सोडलास. मी खाली, कपाट माझ्यावर. मी जमिनीवरच होते, तेवढ्यात तू सगळ्यांना सांगून मोकळा झालास की ताईचा तोल गेला. याला दोन वर्षं झाली. आई येईल-जाईल त्याला ऐकवते, आमची पोर पहिल्यापासून वेंधळी. तू शेजारी बसून मान डोलावतोस, हे येतं माझ्या कानावर. महिनाअखेरपर्यंत आईला खरं सांग. नाहीतर मला पत्र पाठवू नकोस, आणि भेटवस्तू तर नकोच नको.

तुझ्या बायकोला मी विचारलंय म्हणून सांग. तिच्यावर माझा काही राग नाही.
तुझी,
ताई

दि. १३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही. मशीनच्या बाबतीत चुकलो, कबूल. दुकानदाराला मी तुझे पाय दुखतात एवढंच सांगितलं, बधिर आहेत हे डोक्यातच आलं नाही. पण चांगल्या मनाने दिलेल्या वस्तूवर इतकं तोंडसुख घ्यावं का गं?

हात सोडला नसता तर बोट तुटलं असतं. मी घड्याळं दुरुस्त करतो, ताई, माझं पोट बोटांवर आहे. विचार करून केलं नाही, हात आपोआप सुटला. तोंडातून ते वाक्यही तसंच निघालं, आणि एकदा निघाल्यावर परत कसं घेणार? आईचं वय झालंय, ब्लडप्रेशर आहे. तिला काही झालं तर तूच मला बोल लावशील. त्यापेक्षा शिवणाचं दुकान बंद कर आणि आमच्याकडे ये, मागची खोली रिकामी करून देतो. दोन वर्षांत तू एकदाही फिरकली नाहीस. आई म्हणते, ताईला गर्व झालाय.

हवी तेवढी रागाव, पण तोडू नकोस.
तुझा,
घाऱ्या

दि. १९ मार्च

चि. घाऱ्यास,
आशीर्वाद आज थोडेच आहेत, तेवढ्यात भागव.

तुझं पोट बोटांवर, आणि माझं काय हवेवर होतं का रे? वयाच्या सोळाव्या वर्षापासून मशीनवर पाय मारतेय. खोली नको मला. मागच्या खोलीत आजारी बहीण ठेवली की तू पुण्यवान ठरशील, आणि मी आयुष्यभर वेंधळी!

हात सुटला त्याबद्दल मी तुला कधी एका शब्दाने बोलले? हात कुणाचाही सुटतो, माझाही सुटला असता. पण खोटं तू रोज बोलतोस. जेवताना बोलतोस, पाहुण्यांत बोलतोस. ते काही आपोआप सुटत नाही. आणि आईच्या ब्लडप्रेशरच्या आड लपू नकोस, लाज वाटू दे जरा.

बारा दिवस उरलेत.
ताई

दि. ३० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सांगितलं. आज सकाळी आई चहा घेत होती, तेव्हा समोर बसून सगळं सांगितलं. बोलता बोलता रडलो. आईने कप खाली ठेवला आणि म्हणाली, ठाऊक आहे मला, मी गॅलरीतून बघत होते. वर मला दम दिला, की हे पुन्हा तोंडातून काढायचं नाही. तिने तुला लिहिलेलं पत्र सोबत घातलं आहे. मी वाचलेलं नाही.

तुझा अपराधी,
घाऱ्या

(सोबतचं पत्र)

चि. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पाहिलं होतं मी. घाऱ्या पहिल्यापासून हळवा. लोकांनी नावं ठेवली असती तर पार खचून गेला असता. तू सोशिक. तुझ्या अंगावर काहीही पडलं तरी तू निभावून नेतेस, म्हणून मी गप्प बसले. आईला दोन्ही लेकरं सारखीच असतात. झालं गेलं गंगेला मिळालं. आता भावाला छळू नकोस. गर्व सोड आणि घरी ये.
तुझी,
आई

दि. ५ एप्रिल

ती. आईस,
शि. सा. न. हा नमस्कार सध्या कागदापुरताच समज.

मी सोशिक नाही, आई. कळ आली की मी अस्तराच्या कापडाचा गठ्ठा तोंडाशी धरून ओरडते. शेजारच्या चपलावाल्याला आता त्याची सवय झाली आहे. दोन्ही लेकरं सारखी असती, तर दोन वर्षं तू मलाच वेंधळी म्हटलं नसतंस.

गर्वाचं म्हणशील, तर तुमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. पायरीवर पाय पडला की नाही, हे मला खाली बघितल्याशिवाय कळत नाही. म्हणून आले नाही. का येत नाहीस, हे तुमच्यापैकी कुणी विचारलंही नाही.

रविवारी येते आहे. सकाळी दहा वाजता खालच्या पायरीशी असेन. वर यायला वेळ लागेल. घाऱ्याने हात द्यायला धावू नये. तू मात्र यावेळी गॅलरीत नको, जिन्याच्या तोंडाशी उभी राहा आणि मी वर पोचेपर्यंत बघ. शेजारीपाजारी दारं उघडून विचारतील, पोरीला काय झालं म्हणून. मी तोंड उघडणार नाही. तू सांगायचंस.

तुझी,
ताई