यंदा दारावर काय लावू?

किलारन, डोनेगल
४ ऑक्टोबर १९३६

तीर्थरूप सोर्खाताईस,
ऊनाचा शिरसाष्टांग नमस्कार. मॉयासाठी पाठवलेलं टोपडं पोचलं. आठ महिन्यांची पोर, पण टोपडं डोळ्यांवर आलं की रागानं ओढून काढते. स्वभाव कोणत्या मावशीवर गेलाय, ते बॉस्टनला बसून तुला कळेलच.

ताई, हॅलोविन जवळ आलं. गावात घरोघरी दारावर लावायला सलगमांवर भेसूर तोंडं कोरायला घेतलीत. आमचा थोरला, डोनल, खडकांवरून घसरून बुडाला त्याला आज आठ आठवडे झाले. सासूबाई म्हणतात, गेलेलं माणूस पहिल्या हॅलोविनला घरी येतंच, चूल पेटती ठेव, दार नुसतं लोटून घे. पण त्या रात्री आपलंच माणूस तेवढं फिरत नसतं. दारावर भेसूर तोंड नसलं तर नको ते आत शिरतं आणि पाळण्यातलं मूल नेतं, असंही त्याच सांगतात.

गेल्या वर्षी फर्गलनं, त्याच्याच बापानं, कोरलेलं तोंड बघून डोनलची बोबडी वळली होती. ते उतरवेपर्यंत पोर उंबरठा ओलांडेना आणि मी मेली हसत होते. आता तोंड लावलं तर माझा मुलगा आपल्याच दारातून माघारी जाईल. न लावावं तर मॉया आहे. इकडे आड, तिकडे विहीर. फर्गलला विचारलं तर तो मान खाली घालून जाळंच विणत बसतो. मला फार भीती वाटते. लवकर लिही.

तुझी,
ऊना


बॉस्टन
१४ ऑक्टोबर १९३६

चि. ऊनास,
अनेक आशीर्वाद. पत्र स्वयंपाकघरातच तीनदा वाचलं. दूध करपलं आणि बाईसाहेबांची बोलणी खाल्ली. इथे सलगम कुणी कोरत नाही, भोपळे कोरतात. मालकांच्या मुलांबरोबर मीही दारासाठी काळ्या कागदाची मांजरं कापली. कणकेची खळ कानापर्यंत लागली. इथे कुणालाच कशाची भीती वाटत नाही. मी मात्र दिवेलागणीला दारातून जाताना हळूच प्रार्थना पुटपुटते. हसू नकोस.

दार उघडं-बोडकं ठेवू नको, मॉयाचा जीव आहे. पण राखण करायला दात विचकायलाच हवेत, असं कुणी सांगितलं? आपल्या आईनं कधी दात विचकले नाहीत, तरी तिच्यापुढे यायची कुणाची टाप नव्हती. डोनलच्या ओळखीचं तोंड कोर. आणि जेवत जा, वेडे.

तुझी काळजी वाहणारी,
सोर्खा


किलारन
१३ नोव्हेंबर १९३६

ती. ताईस,
सा. नमस्कार. मॉया सुखरूप आहे, हे आधी सांगते.

तुझं ऐकलं. मी माझंच तोंड कोरलं. वरचा एक दात नाही तशी फट ठेवली, काळ्या लोकरीची वेणी चिकटवली. सासूबाई पांढऱ्याफटक पडल्या. म्हणाल्या, जित्या माणसाचं तोंड कोरून आत मेणबत्ती लावतेस, विझली म्हणजे काय करशील? तरी मी ते काढलं नाही.

अंधार पडताना सोंगाडी मुलं आली. गवताचे मुखवटे घालून, ओळखू येऊ नये म्हणून तोंडातून चकार शब्द न काढता. आपणही हिंडायचो तशीच. सफरचंदं घेऊन गेली आणि एक लहानगं मागे राहिलं. त्यानं दारावरच्या तोंडाला हात लावला, दाताच्या फटीत बोट घालून पाहिलं आणि न भिता आत येऊन चुलीपाशी बसलं. उंची डोनलएवढीच. ताई, मला दुसरं काही सुचलंच नाही. मी त्याला छातीशी धरलं. ते सुटायला बघू लागलं तसं आणखी घट्ट धरलं. आता परत पाण्यात जाऊ देणार नाही, असं सारखं म्हणत होते. मग मुखवट्याच्या आतून किंकाळी आली. फर्गलनं माझी बोटं एकेक करून सोडवली. शेजारच्या ग्रानियाचा ओइन होता, डोनलच्या बाकावरचा.

दारावरच्या तोंडाला कुणी घाबरलं नाही गं. पोर घाबरलं ते मला.

पुढचं ऐक. त्या रात्रीपासून ओइन शाळेत जाताना आमच्या दारावरून जाईना. खालून जातो, खडकांवरून. त्याच खडकांवरून. मी खिडकीतून बघितलं. हाक मारली असती तर दचकून पळाला असता. ग्रानियानं समजावलं, चोपही दिला, पण तिची पाठ वळली की तो खाली उतरतो. चार रात्री माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही.

शेवटी फर्गलकडून निरोप धाडला, की शाळेच्या वेळेला आमचं दार बंद असेल, पडदे ओढलेले असतील, ऊनाकाकी बाहेर येणार नाही. सासूबाई कडाडल्या, गेलेल्या पोराला हॅलोविननंतरही महिना-दोन महिने घरी यायला दार उघडं लागतं आणि तू कडी घालतेस? मी घातली. मॉयाला मांडीवर घेऊन दाराला पाठ लावून बसले. पहिले दोन दिवस काही नाही. आज सकाळी रस्त्यावर लहान बूट वाजले. आमच्या घरापाशी आल्यावर ते धावत सुटले, पण रस्त्यानं. दार उघडून त्याला एकदा पाहावं म्हणून जीव तुटत होता. मी कडी काढली नाही.

उद्याही काढणार नाही. माझ्यावरची माया अशीच राहू दे.

तुझी धाकटी,
ऊना