नायिका परत येते

४ जुलै, शनिवार

आजपासून रोजनिशी. मोठे लेखक ठेवतात म्हणे. कादंबरीची सहा प्रकरणं लिहून झाली आहेत. सहाव्यात नायिका घर सोडून जाते, सातव्यात परत येते, की समाप्त. सप्टेंबरअखेर हातावेगळी करणार म्हणजे करणार.

घरात शांतता आहे, तिचा फायदा उठवायला हवा. ही मार्चपासून बहिणीकडे आहे. हवापालट. समोरच्या वहिनींना मेहुणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय असं सांगितलं. उगाच लोकांना तपशील कशाला.

वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये दर शनिवारी लेखनाचा वर्ग असतो. नाव घातलं. शिकण्यासारखं फारसं नसेल, पण वाचून दाखवायला माणसं मिळतील.

११ जुलै

सर माझ्या लेकीच्या वयाचे आहेत. मला काका म्हणतात. हे थांबवायला हवं.

नायिकेचं वर्णन वाचून दाखवलं: सालस, हसतमुख, सोशिक, कधी कशाबद्दल तक्रार नाही. सर म्हणाले, काका, हे नोकरीसाठीचं शिफारसपत्र झालं, माणूस कुठे आहे? वर्गात एक रिटायर्ड नर्सबाई आहेत. त्या म्हणाल्या, तक्रार न करणारे पेशंट मी खूप पाहिलेत, त्यांच्यावर चादर ओढावी लागते. सगळे हसले. मीही हसलो, खिलाडूपणे.

सरांना सांगितलं की मी फ्रिजच्या कंपनीत तक्रार निवारण विभागात आहे. उभी हयात लोकांचं ऐकण्यात गेली, माणसं मला वेगळी शिकवू नका. आमचा नियमच आहे: तीन महिने फोन आला नाही, तर ग्राहक समाधानी धरायचा आणि फाइल बंद करायची. सरांनी ते वहीत लिहून घेतलं. बहुतेक प्रभावित झाले.

होमवर्क: कॅरॅक्टर थ्री-डायमेन्शनल करणे. तिला काय हवंय, कशाची भीती वाटते, कोणी बघत नसताना ती काय करते.

१४ जुलै, संध्याकाळी

होमवर्कला बसलो. मॉडेल अर्थात हीच, पण ओळखू येऊ नये म्हणून नायिकेला चष्मा दिला.

आवडता रंग निळा, कारण घरातले पडदे निळे आहेत. मग आठवलं, पडदे मी आणले होते. भीती: पाण्याची. आम्ही समुद्रावर जायचो तेव्हा ही कधी पाण्यात उतरली नाही. कोणी बघत नसताना काय करते, हे मात्र मला कसं कळणार? मी बघत असलो तर कोणीतरी बघतंयच की. प्रश्नच चुकीचा आहे. सोडून दिला.

१८ जुलै

सातवं प्रकरण वाचलं. नायकाला सणकून ताप येतो, नायिका धावत येते, त्याच्या कपाळावर ओली पट्टी ठेवते. माझा आवाज थोडा कापला, पण परिणाम चांगला झाला असावा.

नर्सबाई म्हणाल्या, तापासाठी येईल हो ती, पण ताप उतरला की जाईल ना. सर म्हणाले, नेमकं. ती राहते का, ते लिहा. मी म्हणालो, राहते, कारण तिचं घर आहे ते. सर म्हणाले, मग गेली कशाला? हे सहाव्या प्रकरणात दिलंय, हवापालट म्हणून. कोणी नीट वाचतच नाही.

२२ जुलै

परवा आयतीच सर्दी झाली. नर्सबाईंचं म्हणणं खोडून काढायची संधी. लेकीला फोन करून खोकून दाखवलं. ती म्हणाली, बाबा, वाफ घ्या. आईला सांगू नकोस, असं तिला तीनदा बजावलं, म्हणजे ती नक्की सांगणार.

तासाभराने हिचा मेसेज आला. गोळ्या कपाटाच्या वरच्या ड्रॉवरमध्ये, उजवीकडे, निळ्या डबीत. होत्या. सर्दी दोन दिवसांत गेली. प्रत्यक्ष आयुष्यात नाट्य कमीच असतं.

२५ जुलै

दुसरा खर्डा. नायिकेला घराची आठवण येते म्हणून ती परतते. सर म्हणाले, घरातल्या नेमक्या कशाची? एक वस्तू दाखवा, काका, एकच, म्हणजे वाचकाला पटेल. मी म्हणालो, नवरा. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

२६ जुलै, रविवार

सकाळपासून घरात ती वस्तू शोधतोय. शिवणयंत्र चाललं असतं, पण ते ही घेऊन गेली. रेडिओ नेला. कुंड्या नेल्या. खिडकीजवळची वेताची खुर्चीसुद्धा टेम्पोत घालून नेली. हवापालटाला जाताना खुर्ची कोण नेतं? हिला व्यवहार म्हणून कळत नाही. आठवण यावी असं काही मागे ठेवायला हवं होतं.

उरलेल्यात पडदे आहेत.

३० जुलै

वहिनी जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, तुमची मेहुणी काल बस पकडायला चांगली धावत होती. म्हणालो, ऑपरेशन यशस्वी झालं. वहिनींनी माझ्याकडे फार मायेने बघितलं. असं बघितलेलं मला आवडत नाही.

२ ऑगस्ट, रविवार

हिला फोन केला. आधीच स्पष्ट केलं की हा फोन लेखनाच्या कामासाठी आहे. ही म्हणाली, लवकर बोला, मला पोहायला जायचंय. या वयात! मी म्हणालो, अगं, तुला पाण्याची भीती वाटते. ही म्हणाली, मला कधीच नव्हती, तुम्हाला वाटायची, म्हणून मी किनाऱ्यावर तुमच्याजवळ बसायची. हे तपासून बघायला हवं.

विचारलं, समजा अशी एक बाई आहे, तिच्या काही तक्रारी असतील का? ही म्हणाली, असतील की, आणि तिने त्या सांगितल्याही असतील. मग नवरा काय म्हणाला असेल? ही म्हणाली, तो म्हणाला असेल, नोंद घेतली आहे. मी खूप हसलो. ही पण हसली बहुतेक, लाइन खराब होती.

शेवटी मुद्द्यावर आलो. ती परत का येते? ही हळू आवाजात म्हणाली, अहो, कारण सापडत नसेल तर तिला ओढून आणू नका. राहू दे बिचारीला. मी म्हणालो, प्रकाशकाला हे चालणार नाही. अजून प्रकाशक नाही, पण तत्त्व आहे.

७ ऑगस्ट

रजा काढली. केवळ प्रयोग म्हणून, ती परत येत नाही असं प्रकरण लिहून बघितलं. एका बैठकीत झालं. असं आजवर कधी झालं नव्हतं. ती पोहण्याच्या तलावावर जाते. पहिले काही दिवस कडेची दांडी घट्ट धरून ठेवते. मग एका सकाळी, आजूबाजूला कोणी बघत नसताना, सोडते. पाणी डोक्यावरून जातं, तरी घाबरत नाही. वर येते आणि एकटीच हसते.

हे मला कुठून सुचलं, माहीत नाही. लिहून झाल्यावर फार एकटं वाटलं. इतकं, की ऑफिसात फोन करून काही तक्रारी पेंडिंग आहेत का विचारलं. नव्हत्या.

८ ऑगस्ट

वाचून दाखवलं. टाळ्या पडल्या. माझ्यासाठी पहिल्यांदाच. नर्सबाईंनी डोळे पुसले. सर म्हणाले, काका, आता ती जिवंत झाली, प्रत्येक ओळ पटते.

मी आभार मानले आणि सांगितलं की ही तात्पुरती व्यवस्था आहे, आठव्या प्रकरणात मी तिला आणणार. सर म्हणाले, नाही, काका, ही बाई आता येणार नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. पूर्ण वर्गात एकही माणूस माझ्या बाजूने नव्हता. परत जाताना नर्सबाईंनी बसस्टॉपपर्यंत सोबत केली. गरज नव्हती.

यांना साहित्यातलं कळत असेल, हिच्याबद्दल काय कळतं? प्रत्यक्ष हिलाच ऐकवायचं. ही म्हणेल, हे काय भलतंच लिहिलंत, असं कुठे असतं का. मग मी ते शनिवारी वर्गात सांगेन.

९ ऑगस्ट, रविवार सकाळ

फोनवर पूर्ण प्रकरण वाचलं. हिने मध्ये एकदाही थांबवलं नाही. शेवटी म्हणाली, छान लिहिलंय. मग म्हणाली, एक चूक आहे, नवशिक्यांना खोल पाण्यात सोडत नाहीत, त्यांच्या बाजूला पाणी छातीपर्यंतच असतं.

विचारलं, आणि बाकीचं?

ही म्हणाली, बाकीचं सगळं बरोबर आहे.

बरं म्हणालो. मग टेबलाशी बसून पाणी छातीपर्यंत केलं.