दक्षिणेची भिंत फोडल्याशिवाय पाणचक्की विकू नये

मी, निशिकांत भिकाजी तोरसकर, वय वर्षे शहात्तर, राहणार तोआ पायो, सिंगापूर, जहाजगोदीतला निवृत्त फिटर, शाळा सातवीपर्यंत, हे माझ्या हाताने लिहितो. डोकं ठिकाणावर आहे. नोव्हेनाच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तसं लिहून दिलंय. कुणी धाक घातलेला नाही. फक्त थकलोय. याआधी काही लिहिलं असेल ते रद्द.

एक. इथला फ्लॅट माझ्या व पत्नी नीता हिच्या नावावर आहे. माझ्यामागे तो तिचाच, बँकेतली शिल्लकही तिचीच. मुलांसाठी राखायची म्हणून तिने पोटाला चिमटा घेऊ नये.

दोन. पाने, छिन्न्या, रंधा, ओळंबा ही हत्यारं मुलगी ऋता हिला. मुलगा धवल रॅफल्स प्लेसला बँकेत साहेब आहे, पण खिळा ठोकायला माणूस बोलावतो. त्याला माझं घड्याळ. त्याने वाईट वाटून घेऊ नये.

तीन. फ्रान्समधली पाणचक्की. ऋता तिकडे नोकरीला गेली तेव्हा आम्ही ही पडकी चक्की स्वस्तात घेतली आणि सात उन्हाळे खपून राहती केली. चाक पुन्हा फिरतं केलं. आता गुडघे आणि काळीज दोन्ही नाही म्हणतात, म्हणून विकायला काढली आहे. येतील ते पैसे दोन्ही मुलांना सारखे. तिथल्या कायद्याचं तिथल्या नोटरीने बघावं. ऋता एक्झिक्युटर. मात्र विकण्याआधी एक काम आहे.

स्वयंपाकघराला दक्षिणेकडे दार होतं. मेहुणे अभय यांनी पुण्याहून व्हिडिओवर घर पाहिलं आणि म्हणाले, "भावोजी, दक्षिणेचं दार म्हणजे यमाला आवतण. बुजवून टाका."

आमचा गवंडी ल्युक आडवा आला. त्याचं बोलणं ऋताने सांगितलं, "बाबा, तो म्हणतो हे दार माणसांसाठी नाहीच. नदी घरात शिरली की तिला बाहेर पडायला ठेवलंय."

"पाण्याला दार लागतं होय? सांग त्याला, चाळीस वर्षं जहाजं दुरुस्त केलीत मी."

ल्युकने भिंत घातली नाही. मी घातली.

पुढच्याच हिवाळ्यात नदी चढली. पाणी आत आलं ते तीन दिवस हटेना. लाकडी जमीन फुगून वर आली. मी मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये गावभर सांगत सुटलो की ल्युकचं काम कच्चं. त्याची दोन कामं हातची गेली. खरं तर पाणी उपसतानाच मला दिसलं होतं, ते माझ्या भिंतीला अडलंय. चार वर्षं मूग गिळून बसलो. अभयना दोष देऊ नये. सल्ला त्यांचा, थापी माझी.

आता एक जोडपं घर बघून गेलंय. त्यांना तान्हं बाळ आहे. खालच्या खोलीत पाळणा ठेवणार म्हणाले. धवल इथल्या सिंगापुरी ढंगात म्हणतो, "बाबा, भिंतीवर जस्ट पेंट लाह. कोण विचारतंय?" बाळा, कुणी विचारत नाही म्हणूनच सांगायचं असतं.

तेव्हा भिंत फोडल्याशिवाय विक्रीच्या कागदावर कुणी सही करू नये. ती का घातली आणि काय झालं, हे घेणाऱ्याला सांगावं. भाव पाडला तर पाडू द्यावा. निघून गेले तर जाऊ द्यावं.

चार. ल्युकची माफी माझ्यामागे ऋताने जाऊन मागावी, असं लिहिलं होतं. नीताने वाचलं आणि चष्मा काढला. "अहो, चूक तुमची आणि पोरीला कशाला पुढे करता? फोन काय शोभेला आहे?"

म्हणून ते वाक्य खोडलं आहे. काल ऋताला मध्ये घेऊन ल्युकला फोन केला. जे वर लिहिलंय ते सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, भिंत हिवाळ्याआधी फोडायला हवी, मी येईन. आणि फोन ठेवला.

माफ केलं असं तो म्हणाला नाही. वारसांनी तसं गृहीत धरू नये.

वाचून, समजून, दोघांच्या देखत सही केली. या दोघांना या कागदातून काही मिळायचं नाही. चहा तेवढा पाजला.

निशिकांत भिकाजी तोरसकर

साक्षीदार:
१. अश्विन कारखानीस, शेजारी
२. डॉ. सविता ओगले

तोआ पायो, सिंगापूर
१४ मार्च २०२५