सहावी खुर्ची

धुळे, ३ फेब्रुवारी २०२६
।। श्री ।।
चि. प्रेमराज यास अक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद.

आपली हेमांगी युरोपच्या संसदेत खासदार झाली, हे मला सुनेने, पुनमने, कागदावर लिहून दाखवलं. फोनवर ऐकू येत नाही म्हणून सख्ख्या भाचीची बातमी अशी कळावी? तरी गल्लीभर सांगून आले. धुरपदाबाई कानाशी ओरडून विचारत होत्या, पोर दिल्लीले शे का? मी सांगितलं, दिल्लीला नाही, युरोपात आहे; तिथे सत्तावीस देशांची मिळून एक संसद आहे, पोर आता ज्या चिमुकल्या देशाची नागरिक आहे त्याचे त्यात सहाच खासदार, आणि सहावी आमची.

पेढे कुठे आहेत? सुंदर गेल्यापासून सहा महिने तुझं अक्षर नाही. भावजयीची बातमीसुद्धा छापील कार्डावर आली. सुतक सुटायच्या दिवशी गंधमुक्तीला आले तेव्हा तू भिंतीकडे बघत बसलेलास, मग मीही काही विचारलं नाही.

माया आहेच, ती टिकवायला चार ओळी लिही.
तुझी अक्का, कोकिळा

जळगाव, ९ फेब्रुवारी
।। श्री ।।
ती. अक्कास प्रेमराजचा शि. सा. नमस्कार.

पेढे वाटले नाहीत. हेमांगी निवडणुकीत पडली होती. तिच्या पक्षाला एकच जागा मिळाली आणि यादीत तिचा नंबर दुसरा. पहिले गृहस्थ गेल्या महिन्यात अचानक वारले. तिकडे अशा वेळी पुन्हा मतदान घेत नाहीत, यादीतल्या पुढच्याला बसवतात. त्यांच्या खुर्चीवर पांढरी फुलं ठेवली होती म्हणे. तिथे बसायला पोरीचं मन होत नाही. नऊ मार्चला बसायचं आहे. त्याआधी ती त्यांच्या पत्नीला भेटणार आहे, आणि पप्पांनी त्या बाईंना दोन शब्द लिहावेत असं तिचं म्हणणं. भाषांतर ती करील.

मला काही वाटत नाही, अक्का. आनंद नाही, दुःखही नाही. जेवतो, झोपतो. हेमांगीने बातमी सांगितली तेव्हा मी छान म्हटलं आणि टीव्ही लावला. पत्र जमलं तर आधी तुला पाठवीन. चुकलं असेल ते सांग.

तुझा प्रेमराज

जळगाव, १८ फेब्रुवारी

बाईसाहेब,

आपली ओळख नाही. माझी पत्नी सुंदर ऑगस्टमध्ये गेली. सकाळी आम्ही ओट्यावर खुर्च्या टाकून चहा घेत होतो. शेवग्याच्या शेंगा आणाल का, असं तिने विचारलं. मी पेपरातून मान वर न करता हं म्हटलं. नंतर पाहिलं तर कप लवंडला होता. ती नेमकी कधी गेली, मला माहीत नाही. लोकांना मी सांगितलं की शेवटी तिचा हात माझ्या हातात होता. तो नव्हता.

तिच्या खुर्चीवर मी रोजचे पेपर रचतो, म्हणजे कुणी बसणार नाही. आपल्या यजमानांच्या खुर्चीवर माझी मुलगी बसणार आहे. तिच्यावर रागावू नका.

हेमांगीचे वडील

धुळे, २३ फेब्रुवारी
।। श्री ।।
चि. प्रेमराज यास आशीर्वाद.

पाकीट उघडलं तर वर श्री नाही, कुणी गेल्याचं कळवतात तसं. वाटलं, तूच गेलास. अक्षर तुझंच आहे हेसुद्धा लक्षात येईना! अशुभ पत्र म्हणून उंबऱ्याबाहेर उभी राहून वाचलं. इतकी रडले की पुनम घाबरली. मग रीतीप्रमाणे फाडलं आणि डोक्यावरून पाणी घेतलं. सुंदर गेल्याचं तू मला आज कळवलंस, असं मी धरते.

फाडलं म्हणून चिडू नकोस, पुन्हा लिही. चूक एकही नाही. हाताचं खोटं सांगितलंस तेही तसंच राहू दे. त्या बाईंना ते कळेल.

येत्या सोमवारी सकाळच्या एसटीने येते. शेंगा मी आणते. तू फक्त खुर्चीवरचे पेपर काढून ठेव. तिथे मी बसणार आहे.

तुझी अक्का