मिठाच्या पाण्यातलं भात

कॉर्क, आयर्लंड

ती. आयेस, लांबूनच पाया पडते.

तिथे नेमकं करतेस काय, असं विचारलंस. आजारी पोरांना चांगलं जनुक पोचवायला आम्ही विषाणूंची निरुपद्रवी टरफलं वापरतो. बरीच रिकामीच राहतात, पण बाहेरून सगळी सारखी. दाट द्रावणात जोरात फिरवली की भरलेली खाली जातात, पोकळ वर राहतात. पेरणीआधी तू मिठाच्या पाण्यात भात टाकून वर तरंगलेले पोचट दाणे काढतेस, तसंच.

खोली उबदार आहे. रविवारी कोणाशी बोलावं लागत नाही, तेवढाच आराम. कुळथाचं पीठ पुरवून वापरतेय. बाबा गुहागरला गुडघा दाखवून आले का?

फोनवर मी ‘बरी आहे’ म्हटलं की तू पुन्हा ‘नक्की ना?’ विचारतेस. आये, माझं ते ‘बरी आहे’ वर तरंगतं ना गो?

तुझी,
मनस्वी